सरोवरासाठीं बांधलेली आगबोट

मृग नक्षत्र लागलें कीं कोंकणच्या किनाऱ्यावर दर्यावर्दी माणसांची एक निराळीच लगबग सुरू होते. मचवे आणि पडाव वाळूवर ओढून घ्यावयाचे, शिडें उतरवून सुकवून ठेवावयाचीं, तारवांवर नारळीच्या झापांचें छप्पर घालावयाचें, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ फिरवून बसावयाचें, हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला क्रम. नैर्ऋत्येच्या वाऱ्याशीं लहान तारवानें झुंज घेऊं नये, हें शहाणपण या किनाऱ्यानें पुष्कळ जीव गमावून मिळविलेलें आहे. इ. स. १८६४ च्या जून महिन्यांत ही आवराआवर सर्वत्र होत आली असतां, १३ तारखेस एक छोटीशी आगबोट पावसाळी धुरकट हवेंतून मुंबई बंदरांत शिरली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाला त्या वेळीं सोन्याचा भाव आला होता, आणि बंदरांत डोलकाठ्यांचें जणूं अरण्य उभें होतें. त्या गर्दींत ही बोट इतकी क्षुल्लक दिसत होती कीं, तिच्या येण्याकडे कोणाचेंही लक्ष गेलें नाहीं.

बोटीचें नांव ‘लेडी न्यासा’. तिच्यावर अवघीं तेरा माणसें होतीं: चार युरोपियन, झांबेझी नदीच्या कांठचे सात आफ्रिकी गडी आणि दोन पोरगे. नाखुद्याचें काम करणारा गृहस्थ धंद्यानें नाविक नव्हताच. तो होता एकावन्न वर्षांचा वैद्य, मिशनरी आणि प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन. झांझिबारहून निघून सुमारे अडीच हजार मैलांचा समुद्र त्यानें पंचेचाळीस दिवसांत ओलांडला होता. नवल हें कीं, ही बोट समुद्रासाठीं बांधलेली नव्हती. आफ्रिका खंडाच्या पोटांत, समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या एका गोड्या पाण्याच्या सरोवरासाठीं तिची घडण झाली होती. तें सरोवर तिला कधींच दिसलें नाहीं. ती तेथें कां पोंचली नाहीं, आणि अखेर मुंबईस कां आली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत एका मोठ्या बेताचा पराजय आणि एका माणसाच्या हट्टाचें मोल हीं दोन्ही सांठविलेलीं आहेत.

स्कॉटलंडांतील एका सुताच्या गिरणींत वयाच्या दहाव्या वर्षापासून राबलेला हा मुलगा पुढें वैद्यक शिकला, आणि १८४१ मध्यें मिशनरी म्हणून दक्षिण आफ्रिकेंत गेला. १८५६ पर्यंत त्यानें तें खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडलें होतें. दुसऱ्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तामुळें त्याला कीर्तीबरोबर पैसाही पुष्कळ मिळाला. झांबेझी नदी हा मध्य आफ्रिकेंत शिरण्याचा राजमार्ग होय, त्या मार्गानें व्यापार आंत शिरला कीं माणसांची खरेदीविक्री आपोआप थांबेल, असा त्याचा सिद्धान्त होता. ब्रिटिश सरकारनें तो मान्य केला, आणि १८५८ मध्यें त्याच्याच हाताखालीं एक मोहीम झांबेझीवर धाडली.

या सिद्धान्तांत एक भगदाड होतें. मागील प्रवासांत लिव्हिंग्स्टननें नदीचें एक वळण टाळून जमिनीवरून जवळची वाट धरली होती. नेमके त्याच न पाहिलेल्या भागांत केब्राबासाचे प्रपात होते. १८५८ च्या अखेरीस ते डोळ्यांनीं पाहिल्यावर राजमार्गाची कल्पना खडकावर आपटून फुटली. मोहिमेसाठीं आणलेली ‘मा रॉबर्ट’ ही पहिली बोटही तितकीच फसवी निघाली. तिचे पत्रे पोलादाचे असले तरी जाडीनें इंचाच्या सोळाव्या हिश्श्याएवढेच होते. ते गंजून त्यांना भोंकें पडूं लागलीं. तिची भट्टी लांकडें खाई फार आणि वाफ देई थोडी, इतकी कीं, वल्ह्यांच्या होड्याही तिला मागें टाकून जात. तिच्या धापा ऐकून मोहिमेंतील लोकांनीं तिचें नांव ‘दमेकरी’ असें ठेवलें होतें. १८६० च्या डिसेंबरांत ती एका वाळूच्या पट्ट्यावर रुतली आणि बुडाली. बोट कोणत्या पाण्यांत चालवावयाची हें निश्चित कळल्याखेरीज ती बांधूं नये, हा धडा ‘मा रॉबर्ट’नें शिकविला, मात्र तो पुरता शिकला गेला नाहीं.

झांबेझीची वाट खुंटल्यावर लिव्हिंग्स्टन तिला उत्तरेकडून मिळणाऱ्या शिरे नदीकडे वळला, आणि १८५९ च्या सप्टेंबरांत तो न्यासा सरोवराच्या कांठीं जाऊन पोंचला. हेंच आजचें मलावी सरोवर. येथें त्याला गुलामांच्या व्यापाराचें मूळ हातीं आल्यासारखें वाटलें. अंतर्भागांतून धरून आणलेले लोक या सरोवरावरून पलीकडे नेले जात, आणि तेथून किल्वा व झांझिबार येथील बाजारांत पोंचत. या व्यापाराचें गणित त्यानें नीट मांडलें. हस्तिदंत किनाऱ्यापर्यंत वाहून नेण्यास हमाल लागतात. गुलाम हाच फुकटचा हमाल. किनाऱ्यावर हस्तिदंतही विकावयाचा आणि हमालही विकावयाचा, असा हा दुहेरी नफा होता. सरोवरावर जर एक लहानशी आगबोट कायमची फिरती ठेवली, आणि कापड व मणी देऊन हस्तिदंत जागेवरच विकत घेतला, तर हमालांचें कामच उरणार नाहीं, व माणसें धरण्याचा धंदा तोट्यांत जाईल. एका लहान बोटीवर एवढी मोठी आशा क्वचितच कोणी ठेवली असेल.

अडचण एकच, पण ती डोंगराएवढी होती. शिरे नदीवर सुमारे पस्तीस ते चाळीस मैलांच्या टप्प्यांत मर्चिसन नांवाचे प्रपात आहेत, आणि तेवढ्या अंतरांत नदी सुमारे बाराशें फूट खालीं उतरते. तेथून कोणतीही बोट वर चढणें शक्य नव्हतें. म्हणून अशी बोट हवी होती कीं, तिचे सुटे भाग प्रपातांच्या पायथ्याशीं उतरवून जमिनीवरून पलीकडे न्यावे, आणि वर पुन्हा जोडावे. सरकारनें ‘पायोनियर’ ही दुसरी बोट दिली, पण सरोवरासाठीं स्वतंत्र बोट देण्यास तें तयार झालें नाहीं. तेव्हां लिव्हिंग्स्टननें ग्रंथाच्या उत्पन्नांतून, म्हणजे वस्तुतः स्वतःच्या मुलांसाठीं ठेवलेल्या पैशांतून, सुमारे सहा हजार पौंड खर्च करून ग्लासगो येथें ‘लेडी न्यासा’ बांधविली. ती लोखंडी होती, चोवीस भागांत सुटी होणारी होती, आणि सरोवराच्या उथळ कांठांस लागतां यावें म्हणून तिचा तळ पाण्यांत जेमतेम तीन फूट बुडे.

१८६२ च्या जानेवारीच्या अखेरीस ‘गॉर्गन’ नांवाची इंग्रज युद्धनौका एका शिडाच्या जहाजाला मागें बांधून ओढीत झांबेझीच्या मुखाशीं आली. त्या जहाजावर ‘लेडी न्यासा’चे चोवीस तुकडे होते, आणि कांहीं वर्षांच्या विरहानंतर पतीकडे येणारी मेरी लिव्हिंग्स्टनही होती. ज्या स्त्रीला आफ्रिकी लोक थोरल्या मुलाच्या नांवावरून ‘मा रॉबर्ट’, म्हणजे रॉबर्टची आई, म्हणत, आणि जिच्या नांवानें पहिली बोट चालली व बुडाली, ती हीच. तुकडे नदीकांठच्या शुपांगा या ठिकाणीं उतरविण्यांत आले आणि जोडणी सुरू झाली. तो हिंवतापाचा हंगाम होता. २७ एप्रिल रोजीं मेरी तापानें वारली, आणि जवळच्या एका मोठ्या गोरखचिंचेखालीं तिला पुरण्यांत आलें. तिच्यामागें दोन महिन्यांच्या आंत, २३ जून रोजीं, बोट पाण्यांत सोडण्याचा दिवस आला. कुदळ पाण्यांत टाकली तर बुडते, मग एवढें लोखंड कसें तरणार, असा प्रश्न कांठावर जमलेल्या लोकांस पडला होता. बोट घसरत पाण्यांत गेली आणि हंसासारखी तरंगली, तेव्हां त्यांच्या आश्चर्याला सीमा राहिली नाहीं.

परंतु बोट तयार झाली म्हणजे प्रवासाची तयारी झाली असें नाहीं. त्या वर्षीं शिरे नदीचें पाणी उतरून गेलें होतें, आणि पावसाची वाट पाहात सहा महिने गेले. अखेर १८६३ च्या जानेवारींत ‘पायोनियर’नें ‘लेडी न्यासा’ला दोरानें बांधून नदीच्या वरच्या अंगास ओढण्यास आरंभ केला. ‘पायोनियर’ स्वतः पाण्यांत पांच फूट बुडे, म्हणजे या नदीला ती फार खोल होती. पुढें नांगर नेऊन टाकावा, त्याचा दोर चरकावर गुंडाळीत बोट वाळूवरून खेंचावी, पुन्हा नांगर पुढें न्यावा, असें करीत एकेका उथळ पट्ट्यावर दिवसांमागून दिवस जात.

याहूनही भयंकर होतें तें नदीचें रूप. पूर्वीं ज्या कांठांवर दाट वस्ती आणि शेतें होतीं, तेथें आतां गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांनीं आणि मागोमाग आलेल्या दुष्काळानें स्मशान केलें होतें. प्रेतें प्रवाहाबरोबर वाहात येत. रात्रभरांत तीं ‘पायोनियर’च्या चाकांच्या फळ्यांत अडकत, आणि सकाळीं चाकें मोकळीं केल्याखेरीज बोट हालवितां येत नसे. या दृश्यांत एक कडू सत्य दडलेलें होतें. लिव्हिंग्स्टननें शोधून काढलेल्या वाटेनेंच हे व्यापारी आंत शिरले होते. जो मार्ग त्यानें मुक्तीसाठीं उघडला, तो प्रथम बेड्या घालणाऱ्यांच्या उपयोगी पडला. ही जाणीव त्याला स्वतःलाही जाळीत होती.

प्रपातांच्या पायथ्याशीं पोंचल्यावर ‘लेडी न्यासा’ पुन्हा सोडण्यास आणि जमिनीवरून रस्ता बांधण्यास सुरवात झाली. झाडें तोडावयाचीं, शिळा फोडावयाच्या, ओढे बांधून काढावयाचे, असें हें काम होतें. परंतु मजूर कोठून मिळणार? गांवें ओस पडलेलीं, धान्य नाहीं, भाजी नाहीं. एकामागून एक माणसें हगवणीनें आणि तापानें खचत गेलीं. भूगर्भशास्त्रज्ञ रिचर्ड थॉर्नटन एप्रिलमध्यें मरण पावला. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जॉन कर्क आणि लिव्हिंग्स्टनचा भाऊ चार्ल्स यांना परत पाठवावें लागलें. जुलै महिन्यांत लंडनहून पत्र आलें: मोहीम फार खर्चाची झाली, तिचें फळ दिसत नाहीं, तरी परत यावें. परत जाणेंही हातीं नव्हतें, कारण नदी पुन्हा आटली होती. तिला पूर येईपर्यंत, म्हणजे आणखी सहा महिने, थांबणें भाग पडलें. ज्या बोटीचे भाग सरोवराकडे नेण्यासाठीं सोडले होते, तेच आतां परतीसाठीं पुन्हा जोडावे लागले. प्रपात आणि सरोवर यांच्यामधलें अंतर ‘लेडी न्यासा’नें कधीं तोडलेंच नाहीं.

१८६४ च्या जानेवारींत दोन्ही बोटी खालीं निघाल्या. बंद पडलेल्या मिशनच्या आश्रयास असलेलीं तीसचाळीस पोरकीं मुलें व स्त्रियाही त्यांच्याबरोबर होतीं, कारण त्यांना तेथेंच टाकणें म्हणजे पुन्हा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हवालीं करणें होतें. फेब्रुवारीच्या मध्याला नदीच्या मुखाशीं ‘ओरेस्टीस’ आणि ‘एरियल’ या दोन इंग्रज युद्धनौका भेटल्या. ‘ओरेस्टीस’नें ‘पायोनियर’ला आणि ‘एरियल’नें ‘लेडी न्यासा’ला दोर लावला, व मोझांबिकची दिशा धरली.

उघड्या समुद्रांत एका जहाजानें दुसऱ्यास ओढणें हें पाहणाऱ्याला वाटतें तितकें सोपें नसतें. दोन्ही जहाजें निरनिराळ्या लाटांवर असतात. पुढचें लाटेच्या माथ्यावर चढत असतें तेव्हां मागचें खळग्यांत उतरत असतें. दोर आंखूड असला तर एकाच हिसक्यानें तुटतो. म्हणून तो लांब सोडावा लागतो, म्हणजे त्याच्या वजनानेंच तो पाण्यांत झोळ घेतो, आणि तो झोळ हिसका पोटांत घेतो. वारा माजला आणि पुढचें जहाज थबकलें, तर मागचें त्याच्यावर येऊन आदळण्याची भीति, अथवा पुढचें मागें ढकललें जाऊन मागच्यास चिरडण्याची भीति. मोझांबिकच्या खाडींत वादळानें या दोन्ही जोड्यांस गांठलें, तेव्हां हें सर्व प्रत्यक्षांत उतरलें. ‘लेडी न्यासा’ला बांधलेला जाड दोर तुटला, आणि उसळत्या समुद्रांत नवा दोर पोंचविण्याची जिवावरची कसरत करावी लागली. ‘एरियल’च्या कप्तानानें लिव्हिंग्स्टनला मोठ्या जहाजावर येण्याची सूचना केली. आपले लोक लहान बोटीवर असतां आपण तेवढें निघून जाणें त्यानें नाकारलें. नदीसाठीं बांधलेली ती उथळ बोट लाटांवर बदकासारखी डोलत राहिली आणि वांचली. २४ फेब्रुवारी रोजीं ती मोझांबिकला पोंचली. त्या वादळानें तिच्या मालकाला एक गोष्ट शिकविली: ही बोट दिसते त्याहून अधिक समर्थ आहे.

‘पायोनियर’ सरकारची होती. ती पोरक्या मुलांना घेऊन केपकडे गेली. ‘लेडी न्यासा’चें काय करावयाचें, हा प्रश्न मालकाचा होता. तिच्यांत त्याची बहुतेक मिळकत अडकली होती, आणि ती विकणें त्याला अवश्यच होतें. गिऱ्हाईकही जवळ होतें. त्या किनाऱ्यावरील पोर्तुगीजांना अशी वाफेवर चालणारी, उथळ पाण्यांत कोठेंही शिरणारी बोट आनंदानें हवी होती. पण ती कशासाठीं, हें सांगण्याची गरज नव्हती. पाळतीवरील युद्धनौकांना चुकवून खाड्यांतून माणसें वाहण्यास याहून सोयीचें साधन मिळणार नव्हतें. जी बोट हा व्यापार मोडण्यासाठीं बांधली, ती त्याच व्यापारास विकण्यापेक्षां समुद्राच्या तळाशीं गेलेली बरी, असा निश्चय त्यानें केला. योग्य गिऱ्हाईक मिळेल अशी जवळांत जवळची बाजारपेठ एकच होती, ती म्हणजे मुंबई. मध्यें अडीच हजार मैलांचा समुद्र होता, आणि पुढें पावसाळा उभा होता.

डागडुजी करून बोट १६ एप्रिल रोजीं मोझांबिकहून निघाली आणि आठवड्याभरांत झांझिबारला आली. तेथें तिचा यंत्रकार दुसरी नोकरी पत्करून उतरला. उरलेल्यांची यादी वाचली म्हणजे या सफरीचें धाडस ध्यानांत येतें. रीड हा सुतार, कॉलियर हा खलाशी, पेनेल हा भट्टीवाला, आणि चौथा खुद्द लिव्हिंग्स्टन. नदीवर होडी चालविणारे जे सात आफ्रिकी गडी होते, त्यांनीं या वर्षापूर्वीं समुद्र पाहिलेलाही नव्हता. दोन पोरगे, चुमा आणि विकटानी, यांना १८६१ मध्यें गुलामांच्या एका तांड्यांतून सोडविण्यांत आलें होतें. कोळसा अवघा चौदा टन होता. एवढ्या कोळशावर समुद्र ओलांडणें शक्यच नव्हतें. म्हणून शिडें हा मुख्य आधार, आणि वाफ केवळ अडल्या वेळची शिलकी पुंजी, असा हिशोब ठरला. नक्षत्रांवरून आणि सूर्यावरून स्थान काढण्याची विद्या लिव्हिंग्स्टन केपच्या सरकारी ज्योतिर्विदाकडून, सर टॉमस मॅक्लीअरकडून, उत्तम शिकला होता. आणि १८५८ मध्यें मोहिमेंतील नौदलाचा अधिकारी भांडण होऊन निघून गेल्यावर त्यानें ‘मा रॉबर्ट’ स्वतः चालविली होती. एवढी शिदोरी घेऊन ३० एप्रिल रोजीं तो निघाला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत मुंबईकडे पावसाळी वारा फुटतो, हें त्याला ठाऊक होतें. त्यापूर्वीं बंदर गांठावयाचें होतें.

निघाल्यावर जें संकट आलें तें वादळाचें नव्हे, तर शांततेचें. वैशाखांत दोन वाऱ्यांच्या संधिकाळीं समुद्र जसा आरशासारखा होतो, तसा तो झाला. सुमारे पंचवीस दिवस बोट जवळजवळ जागच्या जागीं पडून राहिली. वारा येई तो थोडा वेळ, आणि प्रवाह नेई तो नको त्या दिशेस. वरून सूर्य लोखंडी पत्रा तापवी. आजूबाजूस उडते मासे, शार्क मासे आणि डॉल्फिन यांची वर्दळ होती, पण शीड मात्र लुळें लोंबकळत होतें. कोळसा जाळावा तर पुढें खरी गरज पडेल तेव्हां काय करावयाचें, आणि न जाळावा तर पावसाळा जवळ येतो, या पेंचांत दिवस जात होते. युरोपियनांपैकीं कोणी ना कोणी आजारी असे, आणि लिव्हिंग्स्टनला स्वतः पहारे करावे लागत.

अशा वेळीं त्या सात गड्यांचें मोल दिसून आलें. वल्हें मारणें, लांकडें तोडणें एवढीच ज्यांची नाविक विद्या, त्यांच्यांतील कित्येक या सफरींत सुकाणूं धरण्यास शिकले. आजाऱ्यांच्या वांट्याचें कामही त्यांच्याच अंगावर पडे. बहुतेक इतिहासांत ही सफर लिव्हिंग्स्टनच्या एकट्याच्या नांवावर मांडलेली आढळते. खरें पाहतां त्या सात जणांवांचून ‘लेडी न्यासा’ अर्ध्या समुद्रांतच राहिली असती. आणि त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवेंही सामान्य वाचकांपर्यंत पोंचलीं नाहींत.

मे अखेर वारा फिरला. जून उजाडल्यावर वावटळी येऊं लागल्या, शिडें फाटलीं, पाऊस कोसळूं लागला. हिंदुस्थानचा किनारा जवळ आल्याची खूण म्हणून पाण्यांत समुद्रसर्प दिसूं लागले. राखून ठेवलेली वाफ आतां कामीं आली, आणि १३ जून रोजीं, पावसाळ्यानें दार बंद करतां करतां, बोट मुंबई बंदरांत शिरली. दुसरा एखादा आठवडा गेला असता तर या कथेचा शेवट सांगण्यास कोणी उरलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे.

मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यानें लिव्हिंग्स्टनचें मोठें स्वागत केलें. बोट बंदरांतच ठेवून, २४ जून रोजीं तो इंग्लंडला निघाला. सात गड्यांपैकीं सुसी आणि अमोडा हे मुंबईच्या गोदींत कामाला राहिले. चुमा आणि विकटानी यांना डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेंत ठेवण्यांत आलें. १८६५ च्या सप्टेंबरांत लिव्हिंग्स्टन परत आला तेव्हां मुंबईचें रूप पालटलें होतें. अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, आणि शेअरांच्या सट्ट्यांत कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर झाले होते. अशा बाजारांत सहा हजार पौंडांची बोट तेवीसशें पौंडांस गेली. ती रक्कमही हिंदुस्थानांतील एका पेढींत गुंतविली गेली, आणि वर्षादोन वर्षांतच ती पेढी बुडाली. समुद्रानें जें बुडविलें नाहीं तें बाजारानें बुडविलें. अशा रीतीनें गुलामांच्या व्यापाऱ्यांना बोट न विकण्याची पुरी किंमत लिव्हिंग्स्टननें मोजली.

मग त्या सफरीचें फलित काय, असा प्रश्न उरतो. बोट गेली, पैसा गेला. पण तिच्यावरून आलेलीं माणसें राहिलीं. १८६६ च्या जानेवारींत लिव्हिंग्स्टन मुंबईहून आपल्या अखेरच्या प्रवासास निघाला, तेव्हां सुसी, अमोडा, चुमा आणि विकटानी हे चौघेही त्याच्या बरोबर होते. नाशिकजवळील शरणपूरच्या मिशनमध्यें वाढलेले नऊ आफ्रिकी तरुणही त्या तुकडींत होते. तेही एके काळीं गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेलेच होते. १ मे १८७३ रोजीं चितांबो नांवाच्या प्रमुखाच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला, त्या वेळीं तुकडीचें पुढारीपण सुसी आणि चुमा यांच्याकडे आलें. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं तो देह सुकवून, सालींत गुंडाळून, सुमारे हजार मैल वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. त्यास नऊ महिने लागले. १८७४ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत अंत्यविधि झाला, तेव्हां शवपेटी धरणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट हा एकटा आफ्रिकी होता.

सरोवरावर आगबोट नेण्याचा बेतही अगदींच वाया गेला नाहीं. १८६४ मध्यें ‘पायोनियर’ केपला नेणारा ई. डी. यंग हाच १८७५ मध्यें दुसरी बोट तुकड्यांनीं घेऊन शिरे नदीवर गेला. या खेपेस प्रपातांच्या पायथ्याशीं शेंकडों हमाल मिळाले, आणि त्यांनीं ते तुकडे डोक्याखांद्यांवरून वर नेले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें न्यासा सरोवरावर पहिली आगबोट तरंगली. लिव्हिंग्स्टन ज्या प्रदेशांत वारला त्याचें नांव, ‘इलाला’, तिला देण्यांत आलें होतें. गुलामांचा व्यापार मात्र एका बोटीच्या फेऱ्यांनीं थांबण्यासारखा नव्हता. त्यासाठीं राज्यकर्त्यांवर दबाव आणावा लागला. मुंबईस ‘लेडी न्यासा’चें स्वागत करणारा फ्रियर हाच १८७३ मध्यें झांझिबारच्या सुलतानाकडे वाटाघाटीस गेला, आणि झांबेझीच्या मोहिमेंतून आजारी होऊन परतलेल्या डॉ. कर्कनें त्याच वर्षाच्या जूनमध्यें तो तह पुरा केला. झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. गुलामगिरी कायद्यानें संपण्यास तेथें आणखी चोवीस वर्षें लागलीं, आणि पाठोपाठ आलेल्या युरोपीय सत्तांनीं त्या प्रदेशावर आपलें स्वामित्व लादलें, हेंही इतिहासानें नोंदविलेलें आहे.

त्या उन्हाळ्यांत झांझिबारहून निघालेल्या बोटीकडे पाहतां, मोठ्या बेताची आंखणी जेथें चुकली तेथें ती चुकीच्या माहितीमुळें चुकली. न पाहिलेलें वळण, उथळ नदी, ओस गांवें यांपुढें धैर्य पुरें पडलें नाहीं. परंतु शेवटच्या सफरीपुरती जी तयारी केली ती मोजकी आणि खरी होती: वादळांत पारखलेली बोट, राखून ठेवलेला कोळसा, आणि आजाऱ्यांची जागा घेणारीं माणसें. आजही मृगाच्या सुमारास कोंकणांत तारवें वर ओढलीं जातात, तेव्हां १८६४ सालीं त्याच सुमारास, त्यांच्या उलट दिशेनें, बंदर शोधीत आलेली ती छोटी आगबोट आठवण्यासारखी आहे.